शेतावरील कुत्रा व घरचे मांजर यांचा आहार

शेतकऱ्याच्या घरी गाय, बैल, म्हैस यांच्या चाऱ्यापाण्याचा हिशेब ठेवला जातो. कोंबड्यांना किती दाणे टाकावयाचे, हेही ठरलेले असते. परंतु रात्रभर खळ्याची व गोठ्याची राखण करणारा कुत्रा आणि धान्याच्या कणगीभोवती फिरणारे मांजर यांच्या अन्नाचा विचार सहसा कोणी करीत नाही. उरलेली भाकरी, ताटातील खरकटे व कधीमधी वाटीभर दूध एवढ्यावर या दोन्ही प्राण्यांचे भागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कुत्र्याच्या बाबतीत अर्धवट खरी आहे. मांजराच्या बाबतीत ती मुळीच खरी नाही. शिवाय कुत्र्याच्या पोटात काय जाते, यावर पुष्कळदा घरातील माणसांचे व मेंढ्यांचे आरोग्यही अवलंबून असते. म्हणून या दोन प्राण्यांच्या आहाराचा विचार ही केवळ हौसेची बाब नव्हे; ती शेतीच्या व्यवहारातीलच एक बाब होय.

एक अंगण, दोन निराळ्या प्रकृती

कुत्रा व मांजर एकाच अंगणात वाढतात, म्हणून त्यांचे अन्नही एकच असावे असे वाटणे साहजिक आहे. वस्तुतः त्यांच्या शरीराची घडण निराळी आहे. कुत्रा मूळचा मांसाहारी कुळातील असला तरी हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहून धान्य पचविण्यास शिकला आहे. पिष्टमय पदार्थ पचविण्याची शक्ती कुत्र्याच्या आनुवंशिक घडणीतच लांडग्यापेक्षा अधिक असल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. ज्वारीची वा बाजरीची नीट भाजलेली भाकरी, शिजलेला भात, शिजलेली डाळ हे पदार्थ कुत्र्यास चांगले पचतात.

मांजराचे तसे नाही. मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला पुरेशा प्रमाणात स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही, आणि हे द्रव्य मांस व मासळी यांत असते. धान्य व कडधान्यात ते नसते. त्याची उणीव झाल्यास मांजराच्या डोळ्यातील पडदा खराब होतो, असे १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी सिद्ध केले. याच उणिवेमुळे मांजराचे हृदय दुबळे होऊन फुगते, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखविले. गाजर वा पालेभाजीतील पिवळ्या द्रव्यापासून गाय व माणूस ‘अ’ जीवनसत्त्व बनवितात. मांजराला तेही साधत नाही. ते जीवनसत्त्व त्यास तयार स्वरूपात, म्हणजे प्राणिज पदार्थांतूनच मिळावे लागते. गोडाची चवदेखील मांजराला कळत नाही.

आता मांजर पकडीत असलेल्या उंदराचा विचार करावा. उंदराचे मांस, काळीज व बारीक हाडे मिळून मांजराला हवी ती सर्व द्रव्ये एकाच घासात मिळतात. निसर्गाने मांजराचे ताट असे वाढून ठेवले आहे. दूधभाकरी हे त्या ताटाची जागा घेऊ शकत नाही.

कुत्र्याचा रोजचा आहार

नुसती भाकरी खाणाऱ्या कुत्र्याचे पोट भरते, परंतु त्याच्या अंगात मांस धरत नाही. केस रूक्ष होतात, जखमा लवकर भरत नाहीत व कुत्रीला झालेली पिले अशक्त निपजतात. याचे कारण असे की भाकरीतून शक्ती मिळाली तरी चांगल्या प्रतीची प्रथिने, स्निग्ध पदार्थ व कॅल्शियम ही पुरेशी मिळत नाहीत. ही उणीव भरून काढणे अवघड वा खर्चाचे नाही.

सुमारे १५ किलो वजनाच्या, गावात राखणीचे काम करणाऱ्या प्रौढ कुत्र्यास दिवसाकाठी साधारणतः ८५० ते ९५० उष्मांक लागतात. त्यासाठी पुढील प्रमाण सोयीचे आहे:

१. ज्वारी, बाजरी किंवा गव्हाचे पीठ: १५० ग्रॅम (मध्यम आकाराच्या दोन भाकरी).
२. तूर, मूग वा मसूर डाळ: ५० ग्रॅम, पूर्ण मऊ शिजवून.
३. अंडी: दोन, उकडून. अंड्यांऐवजी शिजवलेली मासळी वा कोंबडीचे हाडे काढलेले मांस १०० ग्रॅमपर्यंत.
४. गोडे तेल: एक लहान चमचा.
५. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड: अर्धा लहान चमचा.

शेवटच्या वस्तूकडे सहसा दुर्लक्ष होते. अंड्याचे टरफल धुऊन, वाळवून, तव्यावर थोडे भाजून वस्त्रगाळ केले म्हणजे उत्तम कॅल्शियम घरीच तयार होते. एका लहान चमच्यात त्याचे प्रमाण सुमारे २ ग्रॅम असते. मांस व धान्य या दोहोंतही कॅल्शियम कमी असल्याने या पुडीवाचून वरील आहार अपुरा राहतो.

मेंढरांमागे दिवसभर चालणारा धनगराचा कुत्रा किंवा शिकारी जातीचा धावणारा कुत्रा यांना या प्रमाणाच्या दीडपट वा त्याहून अधिक अन्न लागते. दारात बांधून ठेवलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यास कमी लागते. तराजू हाताशी नसल्यास कुत्र्याच्या अंगावरून निदान करावे. बरगड्यांवरून हात फिरविला असता त्या बोटांना सहज लागाव्यात, पण दुरून उठून दिसू नयेत. दुरून मोजता येत असतील तर अन्न वाढवावे; दाबूनही लागत नसतील तर कमी करावे. प्रौढ कुत्र्यास दिवसातून दोन वेळा अन्न द्यावे, आणि स्वच्छ पाणी भांड्यात सदैव भरलेले असावे.

मांस न शिजणाऱ्या घरात कुत्र्यास अंडी देता येत असल्यास उत्तम. तीही चालत नसतील तर डाळीचे प्रमाण वाढवावे, सोयाबीनच्या वड्या शिजवून द्याव्यात आणि दही वा ताक यांची जोड द्यावी. असा आहार दीर्घकाळ द्यावयाचा असल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जीवनसत्त्वे व क्षार यांची पूरक मात्रा ठरवून घ्यावी.

मांजराचा रोजचा आहार

‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे, आणि दूध हेच मांजराचे अन्न ही समजूतही तितकीच रूढ आहे. परंतु आईचे दूध सुटल्यानंतर पुष्कळ मांजरांच्या शरीरातील दुधातील साखर पचविण्याची शक्ती कमी होत जाते. अशा मांजरास वाटीभर दूध दिल्यास पोट बिघडून हगवण लागते. ज्यास पचते त्यास थोडे दूध द्यावयास हरकत नाही. परंतु ते वरकड समजावे, मुख्य अन्न समजू नये.

साडेतीन किलो वजनाच्या मांजरास दिवसाला २०० ते २५० उष्मांक लागतात. एका लहान उंदरापासून सुमारे ३० उष्मांक मिळतात. म्हणजे केवळ शिकारीवर राहावयाचे तर मांजराला दररोज सात-आठ उंदीर मिळाले पाहिजेत. एवढी शिकार रोज साधणे कठीण. म्हणून घरातून वाटा देणे अवश्य आहे. १०० ते १२० ग्रॅम मासळी वा कोंबडीचे मांस शिजवून, त्यात दोन चमचे मऊ भात, थोडे तेल व हाडे काढलेल्या मांसाबरोबर टरफलाची पाव चमचा पूड मिसळावी. मधूनमधून मांसाच्या थोड्या भागाऐवजी एक उकडलेले अंडे द्यावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. वर सांगितलेले टॉरिन पाण्यात विरघळते. मांस वा मासळी उकळून पाणी फेकून दिल्यास त्या पाण्याबरोबर टॉरिनही जाते. म्हणून ज्या पाण्यात मांस शिजविले त्याच पाण्यात भात कालवावा.

कोकणात तारली, बांगडा यांसारखी मासळी हंगामात स्वस्त मिळते. लहान मासळी प्रेशर कुकरमध्ये चांगली शिजविली असता तिचे काटे बोटाने चुरडण्याइतके मऊ होतात. ती अख्खी दिली म्हणजे कॅल्शियमही मिळते. मासळी कच्ची देऊ नये, कारण काही जातींच्या कच्च्या मासळीत ‘ब१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते. शिजविल्याने ते निष्प्रभ होते. सुकट वा सुके बोंबील द्यावयाचे असल्यास ते पाण्यात भिजवून, दोनतीन वेळा धुऊन, मीठ काढून टाकल्यावरच द्यावेत. देशावर मासळी मिळत नसल्यास कोंबडीच्या दुकानातील स्वस्त तुकडे व काळीज उपयोगी पडते. मात्र काळीज आठवड्यातून एकदोन वेळाच व थोडे द्यावे. रोज काळीज खाल्ल्याने ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मांजराची मान व सांधे आखडतात.

ज्या घरात मांस व मासळी वर्ज्य आहे, त्या घरी मांजर पाळावयाचे असल्यास मांजरासाठी बनविलेले तयार खाद्य आणणे हाच योग्य मार्ग होय. घरची तत्त्वे मांजराच्या शरीरावर लादता येत नाहीत.

भुकेले मांजर अधिक उंदीर मारते काय?

मांजरास खाऊ घातल्यास ते आळशी होते, असे अनेक शेतकरी सांगतात. अनुभव व संशोधन यांचा कौल मात्र निराळा आहे. शिकार ही मांजराची उपजत प्रवृत्ती आहे. पोट भरलेले मांजरही उंदीर धरते. इंग्लंडमध्ये चार्ल्स एल्टन यांनी शेतवाड्यांवरील मांजरांचे निरीक्षण करून १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदीर-घुशींचा अन्य उपायांनी एकदा बंदोबस्त केल्यानंतर मांजरे इमारतींच्या आसपासचा भाग मोकळा ठेवू शकतात, आणि त्यासाठी मांजरांना घरातून पूरक अन्न मिळणे उपयुक्त ठरते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ सरळ आहे. उपाशी मांजर अन्नाच्या शोधात दूर भटकते आणि कणगी उघडी पडते. खाऊ घातलेले मांजर घराजवळ राहते.

फोडणीपूर्वी वाटा काढावा

आपल्याकडे कुत्र्यामांजरांना दिले जाणारे अन्न बहुधा आमटीत वा रश्श्यात कालविलेले असते. त्यात कांदा व लसूण असतोच. हे दोन्ही पदार्थ कुत्र्याच्या व त्याहूनही अधिक मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. कच्चे असोत, तळलेले असोत किंवा मसाल्यात वाटलेले असोत, परिणाम टळत नाही. थोडे थोडे रोज पोटात गेल्यास जनावर हळूहळू फिकट व अशक्त होते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

यावरील उपाय अगदी सोपा आहे. डाळ वा मांस शिजल्यावर, त्यात फोडणी व वाटण पडण्यापूर्वी, राखणदारांचा वाटा वेगळा काढून ठेवावा. यास निराळी चूल लागत नाही की निराळा खर्च येत नाही. घरातील मायभगिनींना ही एक गोष्ट पटवून दिली तरी कार्यकर्त्याचे अर्धे काम झाले, असे समजावे.

याखेरीज पुढील वस्तूही वर्ज्य आहेत. द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षबागायतदारांनी व बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. चॉकलेट, चहाची पूड व कॉफी ही हृदयास व मज्जासंस्थेस अपायकारक आहेत. शिजविलेली कोंबडीची हाडे फुटून अणकुचीदार होतात व घशात वा आतड्यात रुततात. माणसांसाठी असलेली पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. झिंक फॉस्फाईड अथवा तत्सम विष घालून मारलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत, अन्यथा ते खाऊन कुत्रा वा मांजर विषबाधेस बळी पडते. तशी शंका आल्यास विषाच्या पुडीचे वेष्टन बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

बुरशी लागलेले धान्य

‘माणसाला नको तर कुत्र्याला टाका’ हा आपल्याकडील नित्याचा व्यवहार आहे. बुरशी आलेली भाकरी, काळे पडलेले मक्याचे दाणे, कुबट वासाची शेंगदाण्याची पेंड ही अशा रीतीने कुत्र्यापुढे जातात. या बुरशीपासून अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते यकृताचा घात करते. शिजविल्याने वा भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही.

१९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानमधील बांसवाडा या भागांत काय घडले, ते सांगण्यासारखे आहे. अवेळी पडलेल्या पावसाने मका भिजला, त्यास बुरशी आली आणि दुसरे धान्य नसल्याने गोरगरीब आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. कावीळ होऊन व पोटात पाणी साठून शंभरावर माणसे दगावली. त्याच घरांतील अन्नावर वाढणारी कुत्रीही तशाच लक्षणांनी आजारी पडून मेली. कुत्रा व मालक एकाच पिठाची भाकरी खात होते.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की जे धान्य बुरशीमुळे माणसास अयोग्य ठरले, ते कुत्र्यासही अयोग्यच आहे. दुसरा असा की घरचा कुत्रा अन्न टाकू लागला, त्याचे डोळे व हिरड्या पिवळ्या दिसू लागल्या, तर औषधोपचाराबरोबर घरातील धान्याची कणगीही उघडून पाहावी.

कच्ची वजडी व मेंढपाळांवरील संकट

जत्रेत, कंदुरीच्या वेळी वा घरी बोकड कापला असता फुप्फुस, खराब दिसणारे काळीज व आतडी कुत्र्यांना टाकली जातात. हा व्यवहार अत्यंत धोक्याचा आहे. मेंढ्या, शेळ्या व गुरे यांच्या काळजात व फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी आढळतात. या रोगास हायडॅटिड म्हणतात. अशी गाठ कच्ची खाल्ल्याने कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे असंख्य पट्टकृमी वाढतात. कुत्रा निरोगी दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून कृमींची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात व गवत, पाणी, भाजीपाला आणि कुत्र्याच्या अंगावरील केस यांवर पसरतात. ती अंडी मेंढीच्या पोटात गेली तर मेंढीस गाठी होतात; कुत्र्याशी खेळणाऱ्या मुलाच्या पोटात गेली तर त्या मुलाच्या यकृतात वा फुप्फुसात गाठ वाढू लागते. कित्येक वर्षे ती कळून येत नाही, आणि कळल्यावर पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

हे चक्र तोडता येते. एकोणिसाव्या शतकात आइसलँड या मेंढपाळांच्या देशात हा रोग घरोघर होता. डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे यांनी तेथे जाऊन अभ्यास केला आणि रोग कसा पसरतो हे साध्या भाषेत सांगणारी एक पुस्तिका १८६४ साली घरोघरी वाटण्यात आली. कुत्र्यास कच्ची आतडी देऊ नयेत हा तिचा मुख्य उपदेश. पुढे कायद्याची जोड मिळाली आणि तो देश या रोगातून मुक्त झाला. लोकशिक्षणाने किती कार्य होऊ शकते, याचे हे उदाहरण ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवश्य स्मरणात ठेवावे.

आपल्याकडे करावयाचे ते एवढेच: गाठी असलेले अवयव कुत्र्यांना उकरता येणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरावेत व वर दगड ठेवावेत. बाकीचे काळीज-फुप्फुस कुत्र्यास द्यावयाचे असल्यास तुकडे करून किमान अर्धा तास चांगले उकळावे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कुत्र्यास नियमित जंतनाशक औषध द्यावे आणि मुलांना जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावावी.

गाभण मादी व पिले

कुत्री व मांजर या दोघींचाही गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. शेवटच्या तीन आठवड्यांत त्यांचे अन्न हळूहळू सव्वापट ते दीडपट करावे. अंगावर पिले पीत असताना कुत्रीस नेहमीच्या दुप्पट वा तिप्पट अन्न लागते. पिलांना तीनचार आठवड्यांपासून मऊ, पातळ अन्न चाटावयास द्यावे व सातआठ आठवड्यांत अंगावरून तोडावे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा अन्न द्यावे. नुसत्या भाकरीवर वा नुसत्या मांसावर वाढविलेल्या पिलांचे पाय कॅल्शियमच्या अभावी वाकतात. पुढे कितीही खाऊ घातले तरी ते पूर्णपणे सरळ होतीलच असे नाही.

बाजारातील तयार खाद्य

तालुक्याच्या गावी आता तयार खाद्याच्या पिशव्या मिळतात. त्या घेताना चित्र न पाहता मजकूर वाचावा. ‘संपूर्ण आहार’ असे लिहिलेले खाद्यच मुख्य अन्न म्हणून चालते. ‘पूरक’ असे लिहिलेले चालत नाही. अमेरिकेतील मानकांनुसार शुष्क घटकांच्या हिशेबाने प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात किमान १८ टक्के व प्रौढ मांजराच्या खाद्यात किमान २६ टक्के प्रथिने असावी लागतात. यावरून कुत्र्याचे खाद्य मांजरास का देऊ नये, हे स्पष्ट होईल. मुदत संपलेली वा सुटी विकली जाणारी पिशवी घेऊ नये. अन्न बदलताना जुन्यात नवे मिसळीत एका आठवड्यात बदल पुरा करावा. कोरडे खाद्य खाणाऱ्या मांजराने भरपूर पाणी प्यावे याकडे लक्ष द्यावे. बोक्यास लघवी करताना कुंथावे लागत असेल तर एक दिवसही वाट पाहू नये.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. फोडणीपूर्वी वाटा काढावा; कांदा-लसूण घातलेले अन्न देऊ नये.
२. कुत्र्याच्या भाकरीस डाळ, अंडे, तेल व टरफलाची पूड यांची जोड द्यावी.
३. मांजरास मांस वा मासळी मिळालीच पाहिजे. दूध हे त्याचे मुख्य अन्न नव्हे.
४. बुरशी आलेले धान्य कोणत्याही जनावरास देऊ नये.
५. कच्ची वजडी, फुप्फुस व काळीज कुत्र्यास टाकू नये.
६. आहाराबरोबरच कुत्र्यामांजरांना पिसाळण्याच्या रोगाविरुद्ध प्रतिबंधक लस दरवर्षी टोचून घ्यावी.

दोन भाकरी, मूठभर डाळ, दोन अंडी आणि चिमूटभर पूड एवढ्यावर शेतकऱ्याला रात्रीचा विश्वासू राखणदार मिळतो. मूठभर मासळीवर धान्याची कणगी सुरक्षित राहते. हा खर्च नव्हे. राखणीची ही मजुरी आहे, आणि ती वेळेवर व योग्य रूपात देणे शेतकऱ्याच्याच हिताचे आहे.